उजवी कळी, सात प्रोग्राम

तळं-१

तेहतीस वर्षं मी चित्रकला शिकवली आणि तेहतीस वर्षं माझं प्रत्येक चित्र डस्टरने पुसलं. मी फळ्यावर तळं काढायचो, पुढच्या तासाला गणिताचे सर येऊन तिथे अपूर्णांक मांडायचे!

त्यामुळे मुख्याध्यापिका किशोरीबाई जेव्हा म्हणाल्या, "सर, शाळेला दहा संगणक आलेत. शुक्रवारी उद्घाटन, त्याच दिवशी तुमचा निरोप. सगळ्या स्क्रीनवर आपल्या वालावलच्या तळ्याचं तुमचं चित्र लावू," तेव्हा माझी छाती सुंगटाएवढी, म्हणजे कोलंबीएवढी नव्हे, चांगली सुरमईएवढी फुगली.

"एका दुपारचं काम, बाई! आणि सांगून ठेवतो, हे चित्र कुणाचा बाप पुसू शकणार नाही!"

"नाहीच जमलं, तर गुरुदासचा ड्रोनवरून काढलेला फोटो आहे."

गुरुदास म्हणजे फोटो स्टुडिओवाला. माझाच विद्यार्थी. सातवीत त्याने गायीला पाच पाय काढले होते. वर म्हणाला होता, "सर, एक शेपटी आसा." पण मागे लोंबणारी खरी शेपटी? तीही काढली होती! त्याचा फोटो, माझ्या निरोपाला? शक्यच नाही!

तळं-२

चित्र काढायचं तर प्रोग्राम हवा. मी घरच्या संगणकावर सहा उतरवून घेतले.

पहिल्यात इतकी बटणं, की चित्राला जागाच नाही. दुसरा तीस दिवस गोड बोलतो, एकतिसाव्या दिवशी पैसे मागतो. तिसऱ्यात थर होते. तळं एका थरावर काढलं, माड दुसऱ्यावर, आणि मग तळ्याचा थर सापडेचना! चौथ्याला वेगळं पेन लागतं. पाचवा उघडेपर्यंत माझा चहा निवतो. सहावा उघडतो, पण बंद होत नाही.

सोमवार गेला. मंगळवार गेला.

"ओ," माझी बायको सुभद्रा म्हणाली, "बांगडे घेवचे काय पेडवे, ह्या ठरवताना तुमचो अर्धो दिस जाता. दाजीक सांगा आणि देवाक कौल लावा!"

ती चेष्टा करत होती. मी चप्पल घातली.

तळं-शेवटचं

दाजी आमच्या वाडीतला गुरव. राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या पाषाणावर उजवीडावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. जमिनीपासून लग्नापर्यंत सगळं इथेच ठरतं.

"सहा चलाचे नाय," दाजी म्हणाला. "विषम आकडो व्हये. सातवो खंय आसा?"

सातवा कुठून आणू? मग आठवलं, संगणकाबरोबर जन्मतःच एक येतो. एक ब्रश, एक बादली, एक खोडरबर. बालवाडीची पोरं वापरतात. आकडा भरायला तो घातला.

तेवढ्यात काजूच्या बागेतून परतणाऱ्या चार बायका दर्शनाला थांबल्या आणि दाजीच्या गाऱ्हाण्याला साथ देऊ लागल्या.

"बा राखणदारा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो मास्तर तुझ्या पायाकडे इलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका तळ्याचा चित्र काढूचा आसा आणि प्रोग्राम सात आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेतूरलो बरो खंयचो, तो उजवो दी! आणि व्हायरस-बियरस काय आसात, तर भायल्या भायर काढ!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

पहिला: डावी. दुसरा: डावी. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा: डावी!

सातव्याचं नाव दाजीच्या तोंडातून पुरतं बाहेर पडलंही नव्हतं. टप्! उजवी.

"दाजी, तो फक्त आकडा भरायला होता!"

"मास्तरा, कौल मोडशीत?"

चार बायका माझ्याकडे बघत होत्या. कौल मोडून या गावात कोण राहील?

तळं-शेवटचं-खरं

माऊसने माड काढणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करणं! बुधवारभर काढले. काठावर राखणदाराचं देऊळही काढलं. गुरुवारी फक्त पाणी भरायचं उरलं. निळी बादली उचलली, तळ्यात ओतली.

काठाच्या रेषेत कुठेतरी केसाएवढी फट होती.

पाणी फुटलं! माड गेले, रस्ता गेला, आभाळसुद्धा पाण्याखाली गेलं.

"गाव बुडालो मां!" सुभद्रा किंचाळली. शेजारून दाजी धावत आला.

"राखणदार खंय?"

"पाण्याखाली."

दाजीने स्क्रीनलाच हात जोडले.

मग मी खोडरबर घेऊन पूर ओसरवायला बसलो. तेहतीस वर्षं डस्टरला शिव्या दिल्या, आणि या प्रोग्रामात मला पहिलं काही जमलं असेल तर ते पुसणं!

तळं-शेवटचं-खरं-आता-पुरे

संध्याकाळी पेन ड्राइव्ह शाळेत दिला. कुडाळहून आलेल्या संगणकवाल्याचा फोन आला. "सर, चित्र लहान आहे. तेच पुन्हा पुन्हा लावून स्क्रीन भरू का?"

मी 'स्क्रीन भरू' एवढंच ऐकलं आणि ओरडलो, "भरा! काठोकाठ भरा!"

शुक्रवारी सगळा गाव जमला. दहा संगणकांवरची लाल फडकी एकदम उचलली.

एकेका स्क्रीनवर चोवीस तळी. दहा स्क्रीन. दोनशे चाळीस तळी!

"सर," किशोरीबाई हळूच म्हणाल्या, "न्हाणीघराला टाइल्स म्हणून लावायला छान आहेत."

मी दाजीला कोपऱ्यात गाठलं. "तुझ्या देवाचा कौल चुकला!"

"कौल चुकाचो नाय," दाजी शांतपणे म्हणाला. "खंयच्या प्रोग्रामान काढू, ह्या तू इचारलस. तुका काढूक जमात काय, ता इचारलस खंय?"

तोवर गुरुदास एका संगणकापाशी वाकला होता. दोन क्लिक. माझी चोवीस तळी गेली, त्याचं एक आलं. कुणाच्या बापाची गरजच पडली नाही.

"सर, दोन शब्द बोला," बाई म्हणाल्या.

मागे कोरा फळा होता. मी खडू उचलला आणि काठ, माड, देऊळ, पाणी काढत सुटलो. दहा मिनिटांनी हात थांबला. वळून पाहिलं, तर गुरुदास ड्रोन काखोटीला मारून फळ्याकडे बघत उभा. किशोरीबाईंनी माझ्या हातातला खडू घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'पुसू नये.'

महिना झाला, ते चित्र तिथेच आहे. भानगड एवढीच, की त्या वर्गात आता लिहायला फळाच उरलेला नाही. नवा मीच देतो म्हणालो. दुकानदाराने सात नमुने दाखवलेत.

दाजीला निरोप धाडलाय.