सासूबाईंच्या हाती फायरवॉल

जावयाने घरात फायरवॉल बसवली त्याला तसं कारण काही नव्हतं. ऑफिसातल्या एकाने बसवली होती, आणि दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही, ही गोष्ट जावयाला सुखाने जेवू देत नसे. चपलांच्या खोक्याएवढी वस्तू. घरच्या इंटरनेटवरून आत कोण येतं, बाहेर कोण जातं यावर तिने लक्ष ठेवायचं, संशय आला तर अलर्ट पाठवायचा. अलर्ट कशाकशाचे हवेत, याची त्रेचाळीस कलमांची यादी समोर आली. जावयाने ती न वाचताच ‘सगळे’ हे बटण दाबलं आणि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा मोबाइल तीनशे बारा वेळा वाजला. टीव्हीने स्वतःला अपडेट केलं, वाजला. जगाच्या पाठीवरच्या कुठल्याशा यंत्राने दार ठोठावलं, वाजला.

“घरी काही झालंय का?” साहेबांनी विचारलं. “नसेल झालं तर इथे होईल.”

यादीत काटछाट करावी, एवढं साधं जावयाला सुचलं नाही. त्याने सगळे अलर्ट सासूबाईंच्या टॅबलेटवर वळवले.

“आई, तुम्ही दिवसभर घरीच असता. अलर्ट आला की दोन बटणं दिसतील. ठीक वाटलं तर ‘चालू ठेवा’, नाही वाटलं तर ‘बंद करा’.”

“एवढंच ना? जावईबापू, छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?”

ते खरंच होतं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचा ट्रंक कॉल जोडून द्यायचा, तीन मिनिटं झाली की मध्ये पडून “वाढवायचे का?” विचारायचं, उत्तर आलं नाही तर लाइन तोडायची. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांना तोडायला काही मिळालं नव्हतं.

त्यांनी वही आखली आणि कामाला लागल्या.

“हा फ्रिज रोज सकाळी परदेशात बोलतो. तिकडे कोण आहे त्याचं?”

“कंपनी आहे, आई. तापमान कळवतो तो.”

“मग ते आपल्याला कळव म्हणावं. दूध आपलं आहे.” फ्रिजचं बोलणं बंद झालं.

दार वाजवून पळणाऱ्यांचे अलर्ट त्यांनी काढूनच टाकले. “आत शिरलं कुणी तर सांगा. रस्त्याने जाणाऱ्यांची नोंद मी कशाला ठेवू?” नवीन यंत्र घरात आलं तर, आणि अनोळखी ठिकाणाशी बोलणं लांबलं तर, एवढे दोनच ठेवले. लांबलं म्हणजे किती, असं खोक्याने विचारलं तेव्हा त्यांनी न अडखळता तीन मिनिटं लिहिलं. त्यामुळे जावई मॅच बघत बसला की मागून आवाज यायचा, “वाढवायचे का?” आणि तो मुकाट्याने “हो” म्हणायचा. पण तीनशे बाराचे नऊ झाले. हे त्याला सात जन्मांत जमलं नसतं.

शनिवारी अकरा वाजता लेकीची व्हिडिओवर मुलाखत होती. विमा कंपनीचा तक्रार विभाग, काम घरूनच. मुलांपायी नोकरी सोडून नऊ वर्षं झाली होती. ही तिला इतकी हवी होती की आठवडाभर ती आंघोळ करतानासुद्धा उत्तरं घोकत होती.

“पाऊण तास कुणी दार वाजवायचं नाही,” तिने बजावलं. “आग लागली तर आधी विझवा, मग सांगा.”

अकरा वाजून तीन मिनिटांनी टॅबलेट वाजला. सासूबाई दारापर्यंत गेल्या. विचारायचं, तर दार वाजवायला बंदी. वाजवलं नाही तर उत्तर नाही. आणि उत्तर नसेल तर काय करायचं, ते छत्तीस वर्षं ठरलेलं होतं. त्यांनी ‘बंद करा’ दाबलं.

दार धाडकन उघडलं. “नेट गेलं!”

“गेलं नाही, मी तोडलं. उत्तर आलं नाही.”

“आई!”

“थांबा, मी बघतो,” जावई म्हणाला, आणि त्याने खोक्याचा पासवर्ड ओळीने तीनदा चुकवला. खोक्याला वाटलं, चोर आला. त्याने तासाभरासाठी सगळ्यांनाच कुलूप घातलं. मोबाइलचं नेट त्या घरात खिडकीबाहेर हात काढल्याशिवाय येत नसे.

लेक खुर्चीत बसली आणि तिला रडू फुटलं. “नऊ वर्षांनी कुणीतरी मला विचारत होतं, तुमचं मत काय.”

सासूबाईंनी हॉलमधल्या जुन्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि मुलाखतीच्या पत्रावरचा विमा कंपनीचा नंबर फिरवला.

“नमस्कार. आपल्याकडची एक मुलाखत आत्ता तुटली आहे. चूक आमच्या बाजूची. समितीला जोडून द्या.”

“मॅडम, असं थेट जोडता येत नाही.”

“येतं. मी जन्मभर जोडलंय. लाइन धरते.”

तो आवाज ऐकून पलीकडची बाई कामाला लागली. दोन मिनिटांत लाइन जोडली गेली. सासूबाईंनी रिसीव्हर लेकीच्या हातात दिला आणि ती बोलत होती तोवर, पाऊण तास, घड्याळाकडे पाठ करून त्या उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. नोकरी मिळाली. लेकीने सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

“एक शेवटचं. काम घरून आहे, म्हणून घरच्या नेटवर्कची जबाबदारी कोणाकडे, ते नाव लागेल.”

जावयाने शर्ट नीट केला आणि तो पुढे सरकला.

“माझ्या आईकडे,” लेक म्हणाली.

“आणि त्या घरी नसतील तेव्हा?”

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. माणूस प्रेमळ होता, प्रश्न तो नव्हता.

“तेव्हा,” ती म्हणाली, “आम्ही खोक्याला कुणालाच हात लावू देत नाही.”