न सडणाऱ्या सहा खुंट्या
"हे लाकूड आहे की लोणचं?" कालिंदीबाईंनी पार्सलातली खुंटी नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली. "व्हिनेगरचा वास मारतोय!"

"प्रक्रिया केलेलं लाकूड आहे गं," वसमतचे आर्किटेक्ट विश्वंभरराव बायकोला म्हणाले. "वाळवी लागत नाही, पन्नास वर्षं सडत नाही. आमच्या ऑनलाइन कोर्सात सांगितलंय, आपापल्या मातीत गाडून बघा आणि सहा महिन्यांनी फोटो पाठवा. अमृतरावांना मात्र इतक्यात काही बोलू नकोस."

अमृतराव म्हणजे शेजारचे हळदीचे व्यापारी. लागूनच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांना बंगला बांधायचा होता. एवढं काम वसमतमध्ये रोज येत नाही, आणि ते विश्वंभररावांना मिळाल्यात जमा होतं. अडलं होतं फक्त लाकडावर. सागवान सोडून बाकी सगळ्या लाकडाला अमृतराव सरपण म्हणत. तेव्हा आधी पुरावा, मगच तोंड उघडायचं, असं विश्वंभररावांनी ठरवलं. इथेच माशी शिंकली.

वाळवीची जागा म्हणजे परसातल्या न्हाणीघरामागची ओल. रविवारी दुपारी, अमृतराव जेवून आडवे झाल्यावर, विश्वंभररावांनी तिथे सहा खुंट्या ठोकल्या. हात आर्किटेक्टचा, वाकडं काही जमेना, म्हणून दोरी लावून ठोकल्या. ओळखू याव्यात म्हणून वरून लाल रंगही दिला. आता आपल्याकडे दोरी लावून लाल डोक्याच्या खुंट्या ठोकल्या की बघणाऱ्याला लाकूड दिसत नाही, जमीन दिसते. पण कोर्सात हे कोण शिकवणार?

"काय साहेब, मोजनी केली म्हनं गुपचूप?" सोमवारी सकाळीच अमृतराव हजर.

"छे, छे! लाकडाचा प्रयोग आहे हा."

"मंग आमी झोपल्यावर काहून केला?"

विश्वंभरराव घाम पुसत हसले. त्या हसण्याने उरलीसुरली अब्रूही गेली.

अमृतरावांनी एक खुंटी उपटून हुंगली. "औषध मारलं हिला?"

"वाळवी लागू नये म्हणून."

"अन् किती दिवस टिकती?"

"पन्नास वर्षं तरी."

"म्हंजी कायमची हद्द! नातवापर्यंतचा बंदोबस्त केला तुमी!"

विश्वंभररावांनी घाईघाईने मोबाइलवर कोर्सातला व्हिडिओ लावला. त्यात एक गोरा माणूस ओळीने खुंट्या ठोकत होता.

"ह्यो बी तुमच्यातलाच व्हय?" अमृतरावांनी विचारलं, आणि ते घरी गेले. संध्याकाळी बंगल्याचे नकाशे गुंडाळी होऊन परत आले. सोबत निरोप होता, की आधी सरकारी मोजणी, मग पुढचं बोलणं.

"खरं सांगून टाका ना एकदाचं," कालिंदीबाई म्हणाल्या.

"अगं, खरंच सांगतोय! तेच तर नडतंय!"

मोजणीच्या दिवशी मात्र विश्वंभरराव कडक इस्त्रीचे कपडे घालून उभे राहिले. कर नाही त्याला डर कशाला! मोजणीदाराने यंत्र लावलं. तो खुंट्यांपाशी आला, थांबला नाही. न्हाणीघराला वळसा घालून पुढे आला आणि घराच्या मागच्या दाराशी चुन्याची रेघ ओढून मोकळा झाला. कालिंदीबाईंच्या सासऱ्यांनी न्हाणीघर बांधलं होतं ते नजरेच्या अंदाजाने. ते अख्खंच्या अख्खं अमृतरावांच्या जमिनीत निघालं.

कालिंदीबाई नवऱ्याकडे बघेनात. काम तर गेलंच, आता न्हाणीही गेली.

अमृतराव रेघेवरून एकदा चालत जाऊन आले. मग एकदम खुलले.

"साहेब, चुकलो आमी. मनात पाप असतं तर ही बला तुमी कशाला वढवून घेतली असती? बंगला तुमीच बांधा. लाकूड बी हेच घ्या, सागवान राहू द्या. फकस्त त्या सहा खुंट्या तिथून काढा, अन् ह्या रेघंवर ठोका. पन्नास वर्षं सडत न्हाईत म्हनले ना?"

विश्वंभररावांनी स्वतःच्या हाताने ठोकल्या. दोरी लावून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर टॉवेल, हातात बादली घेऊन ते लाल खुंट्यांशी थबकले. पलीकडे, न्हाणीघराच्या दाराशी, अमृतराव दात घासत होते.

"अमृतराव, येऊ का जरा?"

अमृतरावांचा ब्रश तोंडातच थांबला. त्यांनी बादलीकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"काहून?"