दोघांना काढून टाकू

चिंतामणी आणि इंदिराबाई यांच्या अबोल्याला आठवडा होत आला, तेव्हा मुकुलच्या लक्षात आलं की या घरात आपण मुलगा कमी आणि पोस्टमन जास्त झालो आहोत. "बाबांना सांग, चहा झालाय." "तिला सांग, मला नको." कप मात्र रिकामा सापडायचा. भांडणाचं कारण एवढंच, की फांद्या पाण्याच्या टाकीवर येतात म्हणून चिंतामणींनी परसातला कढीपत्ता छाटला, आणि छाटण्याच्या भरात झाडाचा नुसता दांडका उरला. आज संध्याकाळी इंदिराबाई तळेगावला बहिणीकडे जायच्या होत्या. भरलेली बॅग दारामागे होती. आई एकदा गेली की बाबा बोलवायचे नाहीत, आणि बोलावल्याशिवाय आई यायची नाही.

नेमकं त्याच दिवशी त्याचं कामही अडलं. मुकुलची कंपनी पॉलीहाऊसला आपोआप पाणी सोडणारा एक डबा बनवायची. औंढ्याच्या अंबाजींनी गुलाबांसाठी तो घेतला, पण पडद्यावर सगळं इंग्रजी. त्यांच्याकडे कामाला असणाऱ्या रतनबाईंनी बंदचं समजून चालूचं बटण दाबलं आणि गुलाबांना दुपारभर आंघोळ घडली. आता पडद्यावर मराठी हवं म्हणून डबा मुकुलकडे परत आला होता, आणि अंबाजी संध्याकाळी तो न्यायला येणार होते.

डब्यात तो चालवणारं लिनक्स नावाचं छोटंसं सॉफ्टवेअर होतं. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेलं तयार सामान, एकामागून एक उभ्या कराव्या लागत. एक लायब्ररी अक्षरं काढायची, दुसरी ती नीट जुळवायची. पहिली उभी राहीना, कारण तिला दुसरी हवी. मुकुलने दुसरी आधी घेतली, तर ती पहिलीसाठी अडली. पहिलीची नवी आवृत्ती आणली, तर चित्रं दाखवणारं भलतंच सामान कोसळलं. ते सावरेपर्यंत पडद्यावर पुन्हा चूक दाखवणारी तीच लाल ओळ. शेवटी त्याने पुण्याला ऋचाला, म्हणजे त्याच्या टीमप्रमुखाला फोन लावला.

तुंगार्लीच्या त्या घरात फोनला रेंज फक्त पॅसेजमध्ये होती. एका बाजूला स्वयंपाकघर, तिथे इंदिराबाई. दुसऱ्या बाजूला व्हरांडा, तिथे पेपर वाचत चिंतामणी. ऋचाचा आवाज मुकुलच्या कानात होता, मुकुलचा मात्र सगळ्या घरात. त्यातून सॉफ्टवेअरबद्दल माणसांसारखं बोलायची त्याला खोड.

"अगं, दोघं एकमेकांसाठी अडून बसलीत! ... हो ना, जुनी आहेत, म्हणून हट्टी. ... सगळं करून बघितलं. सकाळपासून डोकं खाल्लंय माझं."

स्वयंपाकघरातला झारा थांबला.

"मी म्हणतो, दोघांना काढूनच टाकू. ... त्यांच्याशिवाय चालवू की! बाहेर याहून चांगली सोय मिळते. ... संध्याकाळपर्यंत बघतो, नाही तर बाहेर!"

व्हरांड्यातला पेपर खाली आला.

"वेडा आहेस का?" ऋचा त्याच्या कानात म्हणाली. "त्यांच्याशिवाय मराठी दिसणार कसं? पहिली आधी अर्धवटच उभी कर, दुसरीशिवाय. मग तिच्या आधाराने दुसरी. मग पहिली पुन्हा, पूर्ण. कुणीतरी आधी अर्धवट उभं राहिल्याशिवाय ही गाठ सुटत नाही."

मुकुलने तसं केलं. पहिली उभी राहिली. दुसरी राहिली. लाल ओळ आली नाही. त्याने कानातला इअरफोन काढला आणि त्याला घरात आठवडाभर न ऐकलेला आवाज आला. आई-बाबा बोलत होते.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"बाहेर काढतोय आपल्याला."

"काढतोय! घर माझ्या नावावर आहे."

"आपल्या."

"हो, आपल्या." चिंतामणींनी पेपरची घडी घातली. "कढीपत्ता फुटेल गं पुन्हा."

"फुटलाय. रोज बघते मी."

"मीही बघतो. तू आंघोळीला गेलीस की."

मुकुल हे समजावायला उठणार, तेवढ्यात फाटक वाजलं. अंबाजी आले होते. पडद्यावर 'पाणी चालू', 'पाणी बंद' अशी ठसठशीत अक्षरं बघून ते हरखले.

"लय झ्याक! आता आमच्या रतनबाईलाबी जमंल."

इंदिराबाई ट्रे घेऊन आल्या. मुकुलच्या समोर उभ्या राहून त्या अंबाजींना म्हणाल्या, "अंबाजीभाऊ, त्याला सांगा, चहा ठेवलाय. बाहेर याहून चांगला मिळत असेल तर तिकडे प्यावा म्हणावं."

अंबाजींनी हातभर अंतरावरच्या मुकुलकडे बघितलं. "मुकुलभाऊ, मावशी म्हंत्यात... तुमी ऐकलंच असंल. काय झालं वो?"

मुकुलने तोंड उघडलं. लायब्ररी, अक्षरं, ऋचा, सगळं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण दारामागे बॅग नव्हती. ती चिंतामणींच्या हातात होती, आणि ते स्टुलावर चढून ती कपाटावर चढवत होते. "जपून हो," म्हणत इंदिराबाईंनी ट्रे ठेवून तिकडे जाऊन स्टूल धरलं.

मुकुलने एक घोट घेतला.

"आबा," तो अंबाजींना म्हणाला, "आईला सांगा, साखर कमी आहे."