सुटत नाही म्हणणारा एक जण हवा

न कळलेल्या गोष्टीला योग्य वेळी मान डोलावता येणं, ही सुसंस्कृत माणसाची पहिली खूण आहे. तिचा सर्वांत शिस्तबद्ध सराव गूढ शब्दकोड्यात होतो. साध्या कोड्यात 'राजाची पत्नी' म्हटलं की राणी लिहायची आणि मोकळं व्हायचं. गूढ कोड्यात राणी सोडून दुसरं काहीही चालतं, आणि राणी लिहिणाऱ्याकडे लोक आजारी माणसाकडे पाहावं तसे पाहतात.

आमचं कोडेप्रेमी मंडळ वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं. (खालच्या खोलीत पुस्तकं आहेत. तिकडे कुणी फिरकत नाही.) अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. पेन्सिलीला हात न लावता थेट पेनाने घरं भरतात, म्हणून त्यांना शाईवाले म्हणतात. नव्वद टक्के सभासद कोडं चहा निवायच्या आत सोडवतात. उरलेले दहा टक्के चहा घेत नाहीत.

एका रविवारी वर्तमानपत्राच्या छापखान्यात घोटाळा झाला. चौकट त्या आठवड्याची, खालची सूत्रं मात्र पुढच्या आठवड्याची. एकेक सूत्र तासण्यात केस पांढरे केलेला कोडेकार दुसऱ्या दिवशी संपादकांसमोर उभा राहिला.

"साहेब, दुरुस्ती छापा. माझं नाव जाईल."

"तक्रार कुठाय? उलट उत्तरं आलीत ढीगभर. सगळी वेगवेगळी, पण आत्मविश्वास एकसारखा. एक जण जरी सुटत नाही म्हणाला, तरी छापतो दुरुस्ती."

तो एक जण शोधायला कोडेकार धापा टाकत मंडळाचा जिना चढला.

"अहो, हे कोडं सुटूच शकत नाही."

"तुम्हाला," शाईवाले म्हणाले.

"मीच केलंय ते."

"म्हणूनच दिसत नसेल. आडवे सात तर काय सुरेख होतं."

"आडव्या सातला घरं पाच आहेत आणि उत्तर तीन अक्षरी आहे, डॉक्टर."

"उरलेली दोन मौनाची. ओळखलं आम्ही."

सभेने माना डोलावल्या. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी मौन आपल्याला जरा उशिरा सुचल्याचं दिलदारपणे कबूल केलं.

कोडेकाराने हात जोडले. "कुणीतरी एकाने संपादकांना सांगा हो, सुटलं नाही म्हणून. माझ्या पोटाचा प्रश्न आहे."

"रक्त मागा, देतो," खजिनदारांनी बाही वर सारली. "पण हे कसं सांगू? आमचे जावई तेच कोडं सोडवतात."

मंडळाने कोडेकाराबद्दल सहानुभूतीचा ठराव केला. (एकमताने. तोही चहा निवायच्या आत.)

संपादकांनी मग सरळ हिशेब मांडला. चुकीच्या कोड्याला बरोबर कोड्याहून जास्त उत्तरं येत असतील, तर बरोबर कोड्यावर पगार खर्च करणं ही वाचकांशी प्रतारणा आहे. कोडेकाराला पुष्पगुच्छ देऊन मोकळं केलं. आता दर आठवड्याला कचेरीतला शिपाई एका गठ्ठ्यातून चौकट उचलतो, दुसऱ्यातून सूत्रं. मंडळाच्या मते दर्जा कमालीचा उंचावला आहे.

कोडेकार हल्ली किल्ल्या बनवण्याच्या दुकानात बसतो. म्हणतो, इथे बरं आहे, किल्ली लागली नाही तर गिऱ्हाईक येऊन तसं सांगतं.

असो. या रविवारचं तुम्ही सोडवलं असेलच. उभे चार जरा वेळ घेणारं होतं, नाही?