सावरटेकच्या मुलींचा फॉर्म

वडनेर भोलजीच्या मुलींनी सावरटेकच्या मुलींना सावरटेकच्याच मैदानावर तीन गोलांनी हरवलं, तेव्हा क्रीडा मंडळाचे अध्यक्ष उकंडराव यांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी सभा बोलावली. हरण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे, की पंधराच दिवसांपूर्वी वडनेरला जाऊन याच मुलींनी त्याच वडनेरवर चार गोल चढवले होते. जिल्ह्याच्या महिला फुटबॉल लीगमध्ये सावरटेक कोणाला कधी लोळवेल आणि कोणापुढे कधी लोळण घेईल, याचा काही भरवसा उरला नव्हता.

"फॉर्मात सातत्य नाई," उकंडराव म्हणाले. हे वाक्य त्यांनी पेपरात वाचलं होतं आणि तेव्हापासून ते कुठेही वापरत.

सभेला मंडळाचे अकरा पदाधिकारी हजर होते. संघातही मुली अकराच, पण त्यांना बोलावलं नव्हतं, कारण विषय फुटबॉलचा होता. संघाच्या प्रशिक्षक पुष्पांजली मॅडम तेवढ्या होत्या, त्याही इतिवृत्त लिहायला.

एकाने सांगितलं, गोलचे खांब दक्षिणेला आहेत, वास्तू चुकली. हाफटाइमनंतर बाजू बदलतात हे कळल्यावर त्याने चहा मागवला. दुसऱ्याने मुलींच्या आहाराचा प्रश्न काढला आणि बोलता बोलता तिसरं भजं उचललं. मॅडमनी एकदा तोंड उघडून पाहिलं. "सर, आपण बाहेरगावच्या सगळ्या मॅच जिंकलो आणि घरच्या सगळ्या..."

"मॅडम, तुमी लिहा," उकंडराव म्हणाले. मॅडमनी लिहिलं.

सरपंच रामराव मात्र गंभीर होते. शाळेमागच्या त्या मैदानावर ग्रामपंचायतीला दुकानांचे गाळे बांधायचे होते. लीगमध्ये पहिल्या दोनांत आलात तर मैदान तुमचं, नाहीतर गाळे, असा शब्द त्यांनी दिला होता. आता एकच सामना उरला होता, डोणगावविरुद्ध, घरच्या मैदानावर. जिंकला तर दुसरा नंबर.

"पोरींचं मनोबल खचलं," उकंडरावांनी निदान केलं. "आन् मनोबल कायनं वाढते? सत्कारानं! आपला सत्कार कमी पडून राह्यला."

खरं तर सावरटेकमध्ये सगळं काही कमी पडेल, पण सत्कार कधी कमी पडला नव्हता. घरच्या प्रत्येक सामन्याआधी तासभर समारंभ होई. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मंच, त्यावर मांडव, मांडवात पदाधिकारी. मुली ट्रॉलीसमोर रांगेत, उन्हात. खेळाडूंना उन्हाची सवय असते, असं मंडळाचं मत होतं. दीपप्रज्वलन होई, मग स्वागतगीत, तेही मुलींनीच म्हणायचं. मग पदाधिकारी पाहुण्यांना शाल-श्रीफळ देत, पाहुणे पदाधिकाऱ्यांना देत आणि शालींची ताटं मुली धरून उभ्या राहत. शेवटी उकंडरावांचं भाषण. तोवर समोरचा संघ लिंबाच्या झाडाखाली पाय पसरून पडलेला असे आणि शिट्टी वाजली की ताजातवाना उठून तीन गोल करून जाई. बाहेरगावी मंडळाचं कोणी जात नसे, कारण तिथे मंचावर खुर्ची नव्हती.

मॅडम सोडल्या तर ही गोष्ट गावात एकीच्याच लक्षात आली होती. गाद्या भरणाऱ्या शकीलभाईंची मुलगी अलफिया संघाची कर्णधार होती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि त्या मैदानावर तिचा जीव होता. सातवीत पहिल्यांदा चेंडूला लाथ मारली ती तिथेच. सभेच्या दुसऱ्या दिवशी ती उकंडरावांच्या ओसरीवर गेली.

"काका, एक सांगू का? सत्काराचा कार्यक्रम मॅचच्या बाद ठेवा ना."

"मॅचच्या बाद?" उकंडराव दचकले. "आन् हारल्या तं? हारलेल्या पोरीचा सत्कार कसा करू मी? काई अक्कल?"

"पन काका, उन्हात उभं राहू राहू पायात गोळे येतेत आमच्या. पळनं होत नाई."

"म्हनूनच तं सत्कार पाह्यजे, बेटा. माणूस सत्कारानं पळते." त्यांनी डायरी उघडून दाखवली. "या वेळी दीड तासाचा ठेवला. डोणगावले दणका देऊ."

अलफिया घरी आली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून तिने बापाच्या दुकानातली एक भरलेली गादी दहा मिनिटं काठीने बडवली. गोलरक्षक धम्मशीला तिथेच बसली होती. ती म्हणाली, "तू गादीले काऊन मारून राह्यली? काकाले मार."

"काकाले मारून सत्कार थांबत नाई व. त्याइचाच सत्कार करतीन," अलफिया म्हणाली आणि काठी हवेतच थांबली. सत्कार थांबवता येत नव्हता. पण तो दुसऱ्या कोणाचा करता येत होता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ओसरीवर हजर.

"काका, तुमचं पटलं मले. पन एक गोष्ट. आपन डोणगावले गेलो होतो तं त्याइनं आपल्याले पोहे देल्ले, चहा देल्ला. आता त्याइच्या पोरी आपल्या गावात येऊन राह्यल्या, आन् आपन आपलाच सत्कार करत बसलो, तं डोणगाववाले काय म्हनतीन? सावरटेकच्या लोकाइले रीतभात नाई."

उकंडरावांना पराभव सहन होत असे, रीतभात काढलेली सहन होत नसे. ते ताठ बसले. "कोन म्हनते असं?"

"म्हनत नाई कोनी अजून. म्हनतीन."

"राखीव धरून त्याइच्या सोळाच्या सोळा पोरीचा सत्कार करतो. शाल, नारळ, गुच्छ! डोणगावनं जन्मात पाह्यला नाई असा." मग त्यांना आठवलं. "आन् तुमी?"

"आमी मागं थांबतो जी, झाडाखाली. घरच्या मानसानं मागंच राहावं."

एवढी नम्र पिढी पाहून उकंडरावांनी डायरीत लगेच सोळा शाली लिहून टाकल्या.

सामन्याच्या दिवशी मार्चचं ऊन माथ्यावर होतं. अडीच वाजता डोणगावच्या मुली जीपमधून उतरल्या आणि झाडाकडे निघाल्या, तर चार पदाधिकाऱ्यांनी त्यांना हात जोडून ट्रॉलीसमोर रांगेत उभं केलं. दीपप्रज्वलन झालं. वारा होता, म्हणून ते तीनदा झालं. एकेका मुलीचं नाव, गाव आणि शिक्षण पुकारून शाल घातली गेली. शाल लोकरीची होती. नारळ खाली ठेवला तर सत्काराचा अपमान, त्यामुळे सोळाही जणी नारळ छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांच्या कर्णधाराने शेजारच्या पदाधिकाऱ्याला हळूच विचारलं, "काका, मॅच आजच हाये ना?"

"आजच, आजच. आदी अध्यक्षीय भाषन."

उकंडरावांनी फुटबॉलचा उगम महाभारतात शोधला आणि तिथून चालत निघाले. लिंबाखाली सावरटेकच्या मुली पाय पसरून गूळ-शेंगदाणे खात होत्या. पहिल्यांदाच त्यांना ते भाषण ऐकायला बरं वाटत होतं. पंचविसाव्या मिनिटाला ते सतराव्या शतकात आले आणि तिथे एकदम थांबले.

"पन आपल्या घरच्या लेकी तिकडं मागं उभ्या! हे मले पाहवत नाई. या गं पोरीहो, इकडं या, पुढं या!"

"मेलो," धम्मशीला म्हणाली.

अलफियाने मॅडमकडे पाहिलं. पुष्पांजली मॅडम आयुष्यात कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्या ट्रॉलीवर चढल्या आणि उकंडरावांच्या कानाशी म्हणाल्या, "सर, मुली तुमचं भाषण ऐकून रडायला लागल्यात. जवळ आल्या तर अजून रडतील."

उकंडरावांनी रुमालाने डोळे टिपले आणि आणखी वीस मिनिटं बोलले.

सामन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोणगावच्या मुली धावत होत्या म्हणे. बघणाऱ्यांना तसं दिसलं नाही. अलफियाने तीन गोल केले. धम्मशीलाकडे सबंध सामन्यात चेंडू दोनदा आला, त्यातला एकदा पंचांनी लाथाडलेला. शेवटची शिट्टी झाली आणि अलफिया गोलच्या खांबाला मिठी मारून हमसून हमसून रडली. मैदान वाचलं होतं. खांबाचा गंज तिच्या गालाला लागला, तोही तिने पुसला नाही.

रामराव शब्दाचे पक्के. त्यांनी तिथेच ट्रॉलीवरून जाहीर केलं, "गाळे रद्द!" टाळ्या पडल्या. मग उकंडरावांनी माइक घेतला.

"आज सिद्ध झालं, का नाई? सत्कार वाढवला, पोरी जिंकल्या! आता हे ट्रॉलीवर भागनार नाई. सरपंचसाहेब, गाळ्याचा ठराव रद्द झालाच हाये, तं त्याच जागेवर एक पक्का रंगमंच होऊन जाऊ द्या. छत, दोनशे खुर्च्या, मागं पाहुण्याइची खोली!"

रामरावांना नाही म्हणायला कारण नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या.

अलफियाने गर्दीतून वाट काढली. "काका, रंगमंच कुठं होईन?"

"अवं, इथंच." उकंडरावांनी उत्तरेच्या गोलपासून मधल्या रेषेपर्यंत हात फिरवला. "तुमच्यासाठीच तं हाये सगळं."

"मंग आमी खेळू कुठं?"

"ते पाहू. आदी भूमिपूजन. रविवारी अकरा वाजता, सगळ्या पोरी ड्रेसवर पाह्यजे."

रविवारी मुली ड्रेसवर आल्या आणि ताटं धरून उन्हात उभ्या राहिल्या. पुढच्या हंगामासाठी लीगचा फॉर्म भरताना 'स्वतःचे मैदान' या रकान्यापाशी अलफियाचा पेन अडला. डोळे भरून आले. धम्मशीलाने फॉर्म तिच्या हातातून घेतला आणि त्या रकान्यात ठसठशीत 'नाही' लिहिलं.

"रडून काऊन राह्यली?" ती म्हणाली. "घरीच तं हारत होतो आपन."

पुढचा सगळा हंगाम सावरटेक बाहेरगावी खेळलं. चौदा सामने, चौदा विजय. उकंडराव आता येईल त्याला रंगमंच दाखवतात आणि छताखालच्या खुर्चीत बसून सांगतात, की पाहा, हा झाला आणि पोरींच्या फॉर्मात कसं सातत्य आलं.