साके किती थंड हवी

सासरे जेवायला यायला अजून तासभर होता आणि साकेची, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूची, बाटली कोमट होती. फ्रिजमध्ये तर बोट शिरायला जागा नव्हती. वर कोळंबी, मध्ये माकूळ, खाली बर्फाच्या परातीत मासळीवाल्याने उघडून दिलेली कालवं, आणि भाजीच्या खणात एक खेकडा, जो अजून पुरता मेलेला नाही असं बायकोचं ठाम मत होतं.

"फ्रीझरमध्ये ठेव थोडा वेळ," ती म्हणाली. "फक्त काढायला विसरू नकोस."

"मी कसला विसरतोय," असं म्हणत त्याने बाटली बर्फाच्या साच्यांशेजारी उभी केली, तोच बेल वाजली. दारात सासू-सासरे, तासभर आधी.

सासरे मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर होते. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी सगळे त्यांना चीफच म्हणत. लेकीने चष्म्याच्या दुकानदाराशी लग्न केलं, हे त्यांनी मोठ्या मनाने सोसलं होतं. पण जावयाच्या घरातलं काही म्हणजे काही त्यांना पटत नसे. नळ चुकीच्या बाजूला, पंखा नको तितका वर, खुद्द जावयाचा चष्मा नाकावर तिरका. गेल्या रविवारी त्यांनी सुनावलं, की ताज्या मासळीबरोबर थंडगार जपानी साके कशी प्यावी हे इथे कोणाला ठाऊकच नाही. जावई पेटला आणि "पुढच्या रविवारी आमच्याकडे या" असं बोलून बसला. आज चीफच्या तोंडून एकदा तरी 'छान' वदवायचं, एवढीच त्याची इच्छा होती. नाही जमलं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

"थंड केलीत का?" चीफनी बूट काढता काढता विचारलं.

"हो बाबा, फ्रीझ..."

"बसा. आधी थंड म्हणजे काय ते समजून घ्या."

जावई बसला. चीफ तांदळाच्या दाण्यापासून निघाले, पाण्यापाशी रेंगाळले आणि तापमानाकडे वळले. "गरम झाली की चव गेली. जास्त गार झाली तरी गेली. सगळा खेळ नेमकेपणाचा."

"बाबा, मी जरा आत जाऊन..."

"उठू नका. मुद्द्याचं आता येतंय." लेक उठायला लागली तर तिलाही बसवलं. "तूही ऐक, कामाला येईल."

मुद्द्याचं यायला वाटेत एक वादळ, एक बिघडलेला पंप आणि दोन बंदरं लागली. नवरा-बायको एकमेकांकडे बघत जागच्या जागी चुळबुळत होते. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अहो, पोटात कावळे ओरडतायत. त्यांना वाढू द्या की."

जावई धावला. फ्रीझर उघडला. बाटली उजेडात धरून पाहिली. आत नितळ, पातळ साके. त्याचा जीव भांड्यात पडला.

टेबलावर कालवं आली, उकडलेली कोळंबी आली, लोण्यात परतलेलं माकूळ आलं. जावयाने झाकण उघडून ऐटीत चीफच्या पेल्यावर बाटली कलती केली, आणि नको तितकी गार होऊनही पातळच राहिलेली ती धार पेल्यावर आपटताच गोठली. बघता बघता पांढरा भुसभुशीत ढीग उभा राहिला. हात थांबवायचं त्याला सुचेपर्यंत ढीग पेल्याच्या काठावर चढला.

चीफनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ढीग तसाच होता.

"हे काय आहे?"

"साके," जावई कसाबसा म्हणाला.

"साके अशी नसते."

सासूबाईंना भुकेपुढे वाद घालायचा नव्हता. त्यांनी चमचाभर ढीग उचलून कालवावर ठेवला, लिंबू पिळलं आणि कालव तोंडात टाकलं. डोळे मिटले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आधी नुसता गारवा, मग खारट, आणि गिळल्यावर हळूच गोड. हे भलतंच झालंय."

"अशी नसते, सांगतोय ना."

"मग कशी असते?"

"पातळ."

"प्यायलात कधी?"

चीफनी घाईघाईने कोळंबी सोलायला घेतली. सासूबाईंनी आणखी दोन कालवं संपवली, आणि त्यांची जीभ चांगलीच सैल झाली. "यांचं जहाज जपानला लागलं तेव्हा यांना कांजिण्या आल्या होत्या. केबिनच्या बाहेर पाऊल टाकू दिलं नाही कोणी. साकेचं हे सगळं आचाऱ्याने दाराबाहेर उभं राहून सांगितलेलं."

लेकीने तोंडाला रुमाल लावला. जावयाला मात्र हसण्याऐवजी वाईट वाटलं. न चाखलेल्या घोटाबद्दल हा माणूस इतकी वर्षं इतक्या प्रेमाने बोलत होता. त्याने सगळ्यात मोठं कालव निवडलं, वर साके ठेवली आणि बशी पुढे सरकवली. "घ्या ना बाबा."

चीफनी घेतलं. मग दुसरं घेतलं, मग कोळंबी साकेत बुडवून, मग माकूळ. पेल्याच्या तळाशी वितळून उरलेली साकेही त्यांनी पिऊन टाकली.

"छान," ते म्हणाले. "फार छान." आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "नेमका किती वेळ ठेवली होती आत?"

चीफनी जावयाला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले होते, पण उत्तर हवं म्हणून विचारलेला हा पहिलाच. जावयाची छाती शर्टात मावेना. फक्त बाटली ठेवताना घड्याळ बघायचं राहूनच गेलं होतं.

"तुमचं बोलणं संपेपर्यंत, बाबा," लेक म्हणाली.

चीफनी रिकामा पेला उलटा करून पाहिला. "दुसरी बाटली आहे?"

"आहे."

"ठेवा आत आणि इथे येऊन बसा. मी परत पहिल्यापासून सुरू करतो. एक शब्द गाळणार नाही."