छातीवरची बाळी

गोष्ट लपवण्यात माझा हात धरणारा आख्ख्या सेनगाव तालुक्यात कुणी नाही! पुण्यात नोकरीला असताना मी छातीच्या उजव्या बोंडात स्टीलची बाळी टोचून घेतली, तरी आमच्या गोरेगावात कुणाला पत्ता नव्हता. आमचं घर पुजाऱ्याचं. कानात भिकबाळी घातली तर कौतुक होतं. तीच बाळी हातभर खाली उतरली की कूळ बुडतं!

टोचणाऱ्या पोरीनं बजावलं होतं, "जखम भरायला वर्षभर लागतं. मिठाच्या पाण्यानं धुवायचं, हळद-तेल लावायचं नाही. आणि मधेच बाळी काढलीत तर भोक रातोरात बुजेल." टोचताना मी इतका बोंबललो होतो, की पुन्हा टोचून घ्यायची हिंमत नव्हती. काही झालं तरी बाळी काढायची नाही, हे पक्कं!

मग घरून काम करायचं म्हणून गावी आलो, तर रोजची पूजा करणारे उद्धवकाका तापानं फणफणलेले. गुडघ्यामुळं बाबांना खाली बसता येत नाही. म्हणजे महादेवाचा अभिषेक माझ्यावर. सोवळं नेसून, उघड्या अंगानं!

बाळीवर चिकटपट्टी लावली अन् "फोड आलाय" म्हणून सांगितलं. गाभाऱ्यात हाऽऽ उकाडा! घामानं पट्टी सुटली आणि थेट पिंडीवर, बेलाच्या पानाशेजारी जाऊन बसली. बाजूला उभे राहून मंत्र म्हणणारे बाबा थांबले.

"चिन्मय, हे काय?"

"न... नवस!"

"कशाचा?"

नवस पुरा झाला की बाळी देवाला वाहावी लागणार. म्हणजे कधीच पुरा न होणारा नवस पाहिजे!

"तुमच्या गुडघ्याचा, बाबा. बरा होईस्तोवर काढायची न्हाई."

बाबांच्या गुडघ्यापुढं हिंगोलीच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. माझी बाळी जन्मभर सुरक्षित!

दर्शनाला आलेल्या सखुबाई उंबऱ्यातच ओरडल्या, "आगं माय! बापापायी लेकरानं छातीला भोक पाडून घेतलं!" दुपारपर्यंत गल्लीतल्या बाया हळद-तेलाच्या वाट्या घेऊन दारात उभ्या. मी सदरा गच्च धरून ओरडलो, "ह्या नवसाला हळद चालत न्हाई! मीठच लागतं!"

संध्याकाळी सगळ्या मीठ घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बाबा भिंतीला धरून पाय वर-खाली करून राहिले!

"बाबा, हे काय?"

"डॉक्टरनं सांगितलेला व्यायाम. कधी केलाच न्हाई. पण लेकरू माझ्यापायी इतकी तकलीफ सोसून राहिलं, अन् मी आळस करू?"

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, बाळीच्या काळजीनं.

"राहू द्या बाबा, पडून राहा जरा!" मी रोज विनवायचो. पण ऐकतील तर ते बाबा कसले! दोनेक महिन्यांत काठी न घेता देवळाच्या पायऱ्या चढले. अख्खी गल्ली जमली, शंख वाजला, माझी बाळी काढून महादेवाला वाहिली. दुसऱ्या दिवशी भोक बुजलेलं! नुसता एक ठिपका उरला.

मी आरशासमोर तोंड पाडून बसलो होतो. आई चहा घेऊन आली. माझ्या उघड्या छातीकडं जरा वेळ निरखून पाहत राहिली.

"चिन्मय, माझी कंबर लई दिवसांपासून धरून राहिली रे."

"डॉक्टरकडं जाऊ ना, आई."

"डॉक्टर काहून? तुझी डावी बाजू रिकामीच हाय की!"